एईडब्ल्यू नफ्यात येणार की बापाच्या पैशावरच चालणार?

आर्टिकलशिपचा_बळी

फोर्टला एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करतो, राहायला डोंबिवली. सकाळच्या लोकलमध्ये आमचा सहा जणांचा कंपू आहे. त्यात गेले तीन दिवस एकच भांडण चाललंय, म्हणून इथे विचारतो.

एईडब्ल्यू, म्हणजे ऑल एलिट रेसलिंग, ही टीव्हीवरच्या कुस्तीची अमेरिकन कंपनी, १ जानेवारी २०१९ ला जाहीर झाली. मालक टोनी खान. वडील शाहिद खान, लाहोरहून वयाच्या सोळाव्या वर्षी अमेरिकेत गेले, गाड्यांचे बंपर बनवणाऱ्या फ्लेक्स-एन-गेटचे मालक झाले, शिवाय जॅक्सनव्हिल जॅग्वार्स आणि फुलहॅम हे दोन क्लब. ग्रुपमधला एक जण म्हणतो, हा श्रीमंताच्या पोराचा शौक आहे. आपल्याकडे कुणी रेसचे घोडे ठेवतो, याने पैलवान ठेवलेत. दुसरा म्हणतो, ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानात ८१,०३५ तिकिटं खपली, शौकाला एवढी गर्दी होत नाही.

माझी अडचण अशी की कंपनी खासगी, ताळेबंद कुठेच छापून येत नाही. तिकिटं, पे-पर-व्ह्यू (वेगळे पैसे भरून घरी बघायचे कार्यक्रम), टी-शर्ट, टीव्ही, एवढी उत्पन्नाची दारं मला दिसतात. उद्या कुणी हे ऑडिटला दिलं तर आधी काय बघायचं? आणि नवीन रेसलिंग कंपनी नफ्यात येऊच शकत नाही, हे खरं का?

चोकस्लॅम

बापाचाच पैसा. वेम्बलीचा आकडा पुढच्याच वर्षी, त्याच मैदानात, धाडकन खाली आला. ज्यांच्या जिवावर दुकान उघडलं त्यातला पैलवान कोडी ऱ्होड्स २०२२ मध्ये परत समोरच्या डब्ल्यूडब्ल्यूईत, सीएम पंक २०२३ मध्ये परत डब्ल्यूडब्ल्यूईत. माणसं निघून चाललीत आणि तू ताळेबंद शोधतोयस.

केबलवाला_लालबाग

बाळा, तिकिटांपासून सुरुवात केलीस तर ऑडिट पहिल्याच पानावर चुकेल.

मी १९९४ ते २०१२ लालबागला, चिवडा गल्लीच्या मागच्या चाळींमध्ये केबल दिली. आता ब्रॉडबँडचं बघतो. कुस्ती बघणारा एक असतो आणि तिचे पैसे भरणारा दुसराच, हे मला त्या धंद्यात कळलं. दोघांच्या मध्ये माझ्यासारखा कुणीतरी वायर घेऊन उभा असतो.

आधी डब्ल्यूडब्ल्यूईचं २०२० साल काढ. मार्चपासून प्रेक्षक बंद. रेसलमेनिया हा त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रमसुद्धा ऑर्लंडोच्या त्यांच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, समोर एक माणूस नाही. त्या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा १३ कोटी १८ लाख डॉलर, तोवरचा सगळ्यात मोठा. आता २०१४ काढ. रेसलमेनियाला न्यू ऑर्लीन्सचं सुपरडोम स्टेडियम खचाखच भरलेलं, आणि वर्षअखेर ३ कोटी डॉलरचा तोटा, कारण स्वतःचं इंटरनेटवरचं नेटवर्क नुकतंच उघडलं होतं. गर्दी होती तेव्हा तोटा झाला आणि गर्दी नव्हती तेव्हा नफा. तिकीट ही वरकमाई आहे. घर चालतं ते चॅनल जो चेक देतं त्यावर.

आता चॅनल चेक का देतं ते सांगतो. माझ्याकडे चारशे दहा कनेक्शन. पे चॅनलचा माणूस कनेक्शनमागे पैसे ठरवायला यायचा, मी त्याला सांगायचो नव्वद. तो म्हणायचा अडीचशे. मला माहीत तो वाढवून बोलतोय, त्याला माहीत मी दाबून बोलतोय. मग खालून दोन कटिंग यायचे आणि एकशे चाळीसवर गाडी थांबायची. मुंबईतले सगळे केबलवाले हेच करायचे, मी काही संत नव्हतो. २००२ मध्ये कुस्तीचं चॅनल बदललं, टेन स्पोर्ट्स नवीन आलं होतं, त्याच वर्षी फुटबॉल वर्ल्ड कपही तिथेच. पुढे एका खेळाच्या चॅनलने भाव वाढवला तेव्हा मी हट्टाने ते बंद ठेवलं. म्हटलं, चारशे घरांत कुस्ती बघणारी असून असून किती? पोरंटोरं. पोरं काय पैसे देतात?

पहिल्या तारखेला पावतीबुक घेऊन फिरायला निघालो. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत एक आजी, नवरा गिरणीत होता, संपानंतर गेला. दीडशे रुपये त्या चहाच्या डब्यात घडी करून ठेवायच्या, मी दारात दिसलो की डबा उघडायचा. त्या दिवशी डबा मांडीवर होता, झाकण बंद. म्हणाल्या, "माझा तो काळ्या टोपीचा मुडदा कुठाय?"

अंडरटेकर. सत्तरीच्या बाईला अंडरटेकर बघायचा होता. तो परत येईपर्यंत दीडशे मिळणार नाहीत, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्या चाळीत अशी अकरा घरं निघाली. सिनेमाचं चॅनल बंद केलं तर लोक शिव्या देतात आणि पैसेही देतात. कुस्तीवाले शिव्या देत नाहीत, फक्त डबा उघडत नाहीत. पंधरा दिवसांत मी चॅनल चालू केलं आणि माझ्या यादीत वीस कनेक्शन वाढवून दाखवली.

एईडब्ल्यू दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या टीएनटी चॅनलचं याहून वेगळं काही नाही. ज्या ज्या घरात केबल आहे त्या प्रत्येक घरामागे चॅनलला महिन्याला ठरावीक रक्कम मिळते, तू बघ नाहीतर नको बघू. तिकडे लोक केबल तोडायला लागलेत. तोडण्यापासून त्यांना अडवतं ते फक्त लाइव्ह, ज्या रात्रीचं त्या रात्रीच बघायला लागतं असं काहीतरी. टीएनटीकडे १९८९ पासून एनबीए बास्केटबॉल होतं. जुलै २०२४ मध्ये ते हातातून गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी एईडब्ल्यूशी नवा करार केला. या दोन तारखा वहीत एकाखाली एक लिही.

बातम्यांत आलेला आकडा सरासरी वर्षाला १८.५ कोटी डॉलर, जानेवारी २०२५ पासून तीन वर्षं, चौथं वर्ष चॅनलच्या मर्जीवर. आपल्या पैशात वर्षाला पंधराशे कोटींच्या वर. आधीचा, २०२० चा करार असाच बातम्यांतून बाहेर आला होता, चार वर्षांचे मिळून १७.५ कोटी. आधी चार वर्षांत जे मिळायचं त्याहून जास्त आता एका वर्षात. पहिली पाच वर्षं थोरल्या खानसाहेबांचा खिसा हलका झाला असणार, माझं तरी तेच मत. पण २०२५ पासूनची वही वेगळी घाल.

आता घाबरायचं कुठे ते. तू लहान असशील, डब्ल्यूसीडब्ल्यू नावाची कंपनी होती. टेड टर्नरची, याच टीएनटीवर सोमवारी नायट्रो लागायचं. १९९६ ते ९८ दीड वर्षाच्या वर त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफला, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईला, टीआरपीत मागे ठेवलं. मग पगार सुटले, एकेका म्हाताऱ्या पैलवानाला भरमसाट करार, आणि २००० साली तोटा सहा कोटी डॉलरच्या वर. पण तोट्याने कंपनी मेली नाही रे. २००१ मध्ये चॅनलची मालक टाइम वॉर्नर आणि एओएल यांचं विलीनीकरण झालं, नवा साहेब आला, म्हणाला मला माझ्या चॅनलवर कुस्ती नको. त्याच मार्चमध्ये उरलंसुरलं, नावं, टेपा, काही पैलवानांचे करार, डब्ल्यूडब्ल्यूएफने काही लाख डॉलरांना उचललं. त्यात लालबागला आज दोन-तीन टॉवरमधले फ्लॅट येतील, बस्स.

पंधराशे कोटींचं गिऱ्हाईक आहे, मान्य. पण आहे एकच. तुझ्या ऑडिटमध्ये लाल शाईने हे लिही.

मीडियाप्लॅनर_लोअरपरळ

काका, आजींना नमस्कार. एक दुरुस्ती करते, कारण माझं पोटच त्यावर भरतं.

चॅनलला कुस्तीतून जाहिरातींचे पैसेही रग्गड मिळत असतील असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नाही. कुस्तीचा प्रेक्षक तेवढाच असला तरी जाहिरातीचा भाव बास्केटबॉलच्या जवळपासही नसतो. मोठे ब्रँड नाक मुरडतात: खुर्च्या डोक्यात घालतात, रक्त काढतात, शिवाय सगळं खोटं. मी स्वतः एका क्लायंटला कुस्तीचे स्लॉट सुचवले होते. आकडे नीट बघून झाले आणि मग विचारलं गेलं, "पण हे आपल्याला शोभेल का?" विषय संपला, पैसे क्रिकेटला गेले. त्यामुळे चॅनल कुस्तीला जे देतं ते जवळजवळ सगळं काकांच्या त्या बंद डब्यासाठी.

दुसरं, चोकस्लॅमसाठी. गर्दी कमी झाली हे खरं, पण २०२५ मध्ये त्यांनी काय केलं बघ. दर आठवड्याला नवीन शहरात अर्धं रिकामं स्टेडियम घेण्याऐवजी फिलाडेल्फियाच्या २३०० अरेनासारखा छोटा हॉल धरून तिथेच लागोपाठ कार्यक्रम केले. कॅमेऱ्यात हॉल भरलेला दिसतो, आणि ट्रक, रिग, लाइट दर तीन दिवसांनी उतरवायला-चढवायला लागत नाहीत. गंमत म्हणजे तो हॉल ईसीडब्ल्यू या जुन्या कुस्ती कंपनीचा अड्डा. त्यांचं टीव्हीचं चॅनल ऑक्टोबर २००० मध्ये सुटलं आणि एप्रिल २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. काकांचाच मुद्दा, पत्ता फक्त वेगळा.

खासबाग_ते_करीरोड

आवो केबलवाले काका, लई बेस लिवलंय. पर एक सांगू का, यात नवीन काय हाय? आमच्यात शंभर वर्षं हेच चाललंय.

माझं गाव कोल्हापूरजवळ, नोकरी करी रोडला. आज्जा खासबागेच्या कुस्ती मैदानात खेळलेला. गावच्या जत्रंत मैदान भरतं तवा तिकीट कुठं असतंय? गाव वर्गणी काढतंय, त्यातनं इनाम. शेवटची जोड मोठी, तिला जास्त. बघायला दहा हजार माणूस बांधावर बसतंय, आन् पैसा कमावतोय कोण, तर भेळवाला आन् उसाचा रसवाला. पैलवानाचा बारा महिन्याचा खुराक, दूध, बदाम, तूप, हे इनामावर भागत नाही. ते भागवतोय साखर कारखाना. मानधन. चेअरमनला कुस्तीचा नाद असला की तालमीत चांगले दिवस, चेअरमन बदलला की पुढल्या म्हैन्यात मानधन बंद आन् पोरगं गावाकडं म्हशी राखाय. तुमचं ते टीएनटी म्हंजे कारखाना, आन् खानसायेब म्हंजे दुसरा कारखाना. एका पोराला दोन कारखान्यांचं मानधन, हाय काय न् न्हाय काय.

नुरा कुस्तीबद्दल, म्हंजे आधीच ठरवून केलेल्या, मी काय बोलत न्हाई, ती आमच्यातबी असायची, फकस्त कळली तर फड उठायचा. यांचा उठत न्हाई.

२०१२ ला बालेवाडीचं रिंग का किंग आठवतंय का कुणाला? कलर्सवर लागायचं, अमेरिकेच्या टीएनए या कुस्ती कंपनीवाल्यांनी केलेलं, हरभजनचं तोंड पोस्टरवर. मी पुण्यात होतो, शूटिंग बघाय गेल्तो. मातीत माणूस पडला तर आवाज येत न्हाई, घुसमटल्यावानी 'हं' एवढंच. तिथं रिंगच्या कापडाखाली फळ्या, आन् माणूस पडला की फळ्यांचा असा दणका की माझ्या शेजारचं बारकं पोरगं आईच्या मांडीवर चढलं. मला लई आवडलं. पर एक सीझन झाला आन् संपलं. कारखाना एकच होता, त्यानं मानधन बंद केलं.

आर्टिकलशिपचा_बळी

काका, दादा, ताई, तिघांचे आभार. ग्रुपमध्ये आज दिव्यापर्यंत शांतता होती.

पण केबलवाले काका, तुम्ही मला जमा दाखवलीत, खर्च नाही. १८.५ कोटी डॉलर पुरतात का? दर आठवड्याला बुधवारी दोन तास, शनिवारी दोन तास, शंभराच्या घरात पैलवान. शिवाय खासबाग दादा म्हणतात तसं, चॅनलसुद्धा शेवटी एक आश्रयदाताच ना? मग शौक आणि धंदा यात फरक कुठे करायचा?

केबलवाला_लालबाग

खासबागवाले, तुझा कारखाना मला पटला आणि नाहीही. चेअरमन लहर लागली म्हणून मानधन देतो आणि लहर गेली की काढून घेतो. चॅनलने सहीचा कागद दिलाय, त्यावर वर्षं लिहिलीत. मधेच साहेब बदलला तरी कागद संपेपर्यंत पैसे द्यायला लागतात. माझं याच कागदावाचून वाटोळं झालं. ज्याच्याकडून मी सिग्नल घ्यायचो त्याच्याशी सगळा व्यवहार तोंडी. ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत ॲनालॉग बंद झालं, सेट टॉप बॉक्स आले, प्रत्येक कनेक्शन वर कॉम्प्युटरवर दिसायला लागलं. माझे एकशे साठ एका रात्रीत चारशे दहा झाले. हे लपवलं तेव्हा माझंच चुकलं होतं, तक्रार नाही. पण महिन्याभराने माझा वाटा निम्म्यावर आला आणि दाखवायला माझ्याकडे एक चिठोरं नव्हतं.

आता बाळा, तुझा खर्च. १८.५ कोटीला ५२ ने भाग. आठवड्याला साडेपस्तीस लाख डॉलर. हे चार तासांच्या कार्यक्रमाचे, तिकीट आणि पे-पर-व्ह्यू सोडून. खरे आकडे त्यांच्या तिजोरीत, आपण नुसतं मांडून बघू. समज शंभर पैलवान, सरासरी पाच लाख डॉलर. पाच कोटी झाले. समज हॉल, कॅमेरे, ट्रक, विमानं, हॉटेलं, आठवड्याला दहा लाख. अजून पाच कोटी वीस लाख. ऑफिस, वकील, विमा, जाहिरात, टाक आणखी तीन कोटी. तरी पाच कोटींच्या वर उरतात. यातला पहिल्या दोनांपैकी एखादा आकडा दुप्पट निघाला तर जवळजवळ शून्य उरेल. म्हणजे नफा शक्य आहे का? आहे. फक्त मालकाने दर महिन्याला नवा महागडा पैलवान आणायची सवय आवरायला हवी. डब्ल्यूसीडब्ल्यू तिथेच घसरली होती.

टीएनएचं उलटं बघ. २००२ मध्ये सुरू झाली तेव्हा टीव्हीच नव्हता. दर बुधवारी लोकांनी दहा डॉलर मोजून घरी विकत बघायचं. काही महिन्यांत धाप लागली, मग टेक्सासच्या पांडा एनर्जीने बहुतांश मालकी घेतली आणि मालकाच्या मुलीने कंपनी सांभाळली. वीज बनवणाऱ्या कंपनीच्या जिवावर कुस्ती वर्षानुवर्षं चालली. शौक म्हणायचा तर तो. आणि तरी टीएनए आजही जिवंत आहे, हेही लक्षात ठेव.

तुझ्या शौक-धंद्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी एक साधी कसोटी आहे. बापाने चेक थांबवला तर किती महिने चालेल? २०२१ मध्ये विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, गणपतीपर्यंत. आज विचारशील तर २०२७ च्या डिसेंबरपर्यंत बिनघोर. पुढचं सांगू शकत नाही असं नाही, सांगतो: जून २०२५ मध्ये टीएनटीची आताची मालक वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी, तिने कंपनीचे दोन भाग करायचा बेत जाहीर केला होता. स्टुडिओ आणि स्ट्रीमिंग एकीकडे, टीएनटीसारखी जुनी चॅनलं दुसरीकडे. कर्जबाजारी घरात वाटण्या सुरू झाल्या की कुठल्या भावाकडे काय जातं हे बघून घे. कुस्तीवाल्यांना दोन्ही भावांशी बोलणी करता आली तर भाव वाढेल. जुन्या चॅनलाच्या पदरात एकटे पडले तर २००१ चं साल परत.

आणि समोरच्या दुकानाकडेही बघ. डब्ल्यूडब्ल्यूईने रॉ हा कार्यक्रम नेटफ्लिक्सला दहा वर्षांसाठी ५०० कोटी डॉलरच्या वर विकला, स्मॅकडाउन हा दुसरा यूएसए नेटवर्कला पाच वर्षांसाठी १४० कोटींना. त्यांचं एकच गिऱ्हाईक नाही. दोन नंबरच्या दुकानाला एवढं करायला नको, दोन गिऱ्हाइकं झाली तरी पुरे.

चोकस्लॅम

बरं काका, हरलो. पण त्या आजींचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय सुटका नाही.

केबलवाला_लालबाग

बॉक्स लावायला मीच गेलो होतो त्यांच्याकडे. खेळाची चॅनलं आता वेगळ्या पॅकमध्ये, महिन्याला जास्त पडतील म्हटलं. त्या म्हणाल्या, साधाच लाव. मी म्हटलं, आणि मुडदा? तर नातवाने मोबाईल पुढे केला. फेकाफेकीचे तेवढे तुकडे काढून ठेवलेले, प्रत्येकी तीन-चार मिनिटांचे, फुकटचे. मधलं बोलणं नको, जाहिराती नकोत, बुधवार-शनिवारची वाट बघायला नको.

डबा मात्र त्यांनी उघडला. मागच्या महिन्याचे वीस राहिले होते, ते दिले.